औषधापुरती

१

“तिला औषधापुरती ठेव. पार शून्य केलीस तर कोणीतरी विचारेल.”

माझे सासरे मॉरिस हे माझ्या नवऱ्याला, डेक्लनला, स्वयंपाकघरात सांगत होते. मी मागच्या पायरीवर बसून गमबूट काढत होते. एक निघाला होता, दुसरा टाचेत अडकला होता. असा अर्धा बूट अडकलेला माणूस फार शांत बसतो, त्यामुळे आतल्यांना मी आहे हे कळलंच नाही.

ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. त्या घरात ‘ती’ म्हणजे बहुधा शेवाळाची एखादी जात असते. समुद्राच्या एका थेंबात कोण कोणाला हटवतं, कोण कोणाला खातं, याची समीकरणं मांडायची, हा आमच्या घरचा धंदा. टास्मानियाच्या दक्षिण टोकाला किल्न पॉइंटचं सागरी केंद्र आहे. मॉरिस त्याचे प्रमुख, डेक्लन त्यांच्या हाताखाली आणि नुकतीच लग्न होऊन आलेली मी, टॅम्सिन, डेक्लनच्या हाताखाली. शिक्षण तिघांचं सारखंच. हात तेवढे एकाखाली एक.

आमच्या संगणकातल्या मॉडेलमध्ये तिघी जणी. थोरली: जाडजूड, एकमेकींचे हात धरून साखळीनं राहणारी. धाकटी: बारीक, एकटी. आणि या दोघींना खाणारी ती खाणारी. डोळ्यांना न दिसणारी ही सगळी मंडळी, पण घरात त्यांची नावं सख्ख्या नातेवाइकांसारखी घेतली जातात. पाण्यातलं खत दोघींना एकच, तेव्हा थोरली ते ओरबाडते आणि धाकटी उपाशी मरते. मॉरिसांच्या मॉडेलमध्ये ती कायम मरायची, आणि खऱ्या समुद्रात मात्र मजेत जगायची. हे त्यांचं जुनं दुखणं.

आता एखादी जात अगदी मरणाला टेकली, तरी संगणकात तिला पुरती मरू देत नाहीत. शून्याला कशानंही गुणा, शून्यच येतं. एकदा शून्य झालेली पुन्हा उगवत नाही. म्हणून शेवटी प्रत्येकीसाठी एक ओळ लिहून ठेवतात, की याच्या खाली हिला जाऊ द्यायचं नाही. कणाचाही कण, पण उरला पाहिजे. मॉरिस त्याला ‘औषध’ म्हणत. “थोरलीचं औषध घातलंस का?” असं जेवताना विचारत, आणि पाहुणे बिचारे चेहरा पाडून तब्येतीची चौकशी करत.

तेव्हा बोलणं धाकटीबद्दल असणार, असं मी धरलं. दुसरा बूट ओढून काढला आणि आत गेले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग डेक्लननं विचारलं, “पाऊस येईलसं वाटतं का गं?”

डेक्लन इथेच जन्मला, वाढला. पाऊस येणार का, असं इथला माणूस विचारत नाही. तो येतोच.

२

माझं टेबल खिडकीपाशी होतं. समोर उतरतं गवत, त्यावर चरणाऱ्या दोन वॉलबी, म्हणजे बुटक्या कांगारू, खाली धक्का, आणि धक्क्याला बांधलेली पत्र्याची होडी. त्या टेबलावर मला एक गोष्ट सुचली. खाणारी दोघींना सारखं खाते, असं सगळे धरून चालले होते. मी म्हटलं, का बरं? ती ज्याची चलती असेल त्याच्याकडे वळत असेल. ज्याचं पीक फार, त्याच्यावर तिची नजर. ते कमी झालं की ती दुसरीकडे बघेल.

तेवढं एक समीकरण बदललं आणि धाकटी जगली. तिघी जगल्या. तीन रेघा, एकीच्या मागे एक, लाटांसारख्या वर-खाली होत राहिल्या. मला इतका आनंद झाला की मी उठून खिडकी पुसली.

मॉरिसांना दाखवलं. ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.

“हे तुला कुठे सापडलं?”

“सापडलं नाही. सुचलं.”

“हं,” ते म्हणाले. “या टेबलावर बसलं की हेच सुचतं.” आणि निघून गेले. शाबासकीची ही काय तऱ्हा, ते मला कळेना.

कळवलं ते बेरिलनं. बेरिल केंद्राचे पंप बघते, चहाची खोली बघते आणि उरलेल्या वेळात माणसं बघते. मी खुर्चीची उंची बदलायला तिच्या खालचा दांडा ओढत होते.

“नाही सरकायची ती, पोरी. हेस्टरनं ठेवली तेवढ्यावरच अडकलीय.”

“हेस्टर कोण?”

“हेस्टर क्विल. तुझ्याआधी इथे बसायची. डोक्यानं तल्लख, तोंडानं फटकळ. म्हणजे माझ्या जातीची. तू म्हणजे अगदी उलट. मॉरिस म्हणतो, आमची सून कालव आहे, सुरी लावल्याशिवाय उघडायची नाही.”

“मग काय झालं तिचं?”

“काय व्हायचंय? ती काहीतरी भारी काम करत होती. मॉरिसच्या संशोधनाच्या पेपरावर आधी तिचं नाव दुसरं होतं. मग चौथं. मग खाली आभारात गेलं. तिनं इथे, या खिडकीशी, असला तमाशा केला म्हणतेस! मॉरिसनं तो पेपरच दाबून टाकला. आणि एका सकाळी ती एकटीच होडी घेऊन पाण्याचे नमुने आणायला गेली.” बेरिलनं हात पुसले. “होडी आली परत. स्वतःहून. धक्क्याला नीट बांधलेली.”

“आणि ती?”

“होडी आली परत, म्हटलं ना.”

३

मग ती रेघ.

खाणारी नसती तर काय झालं असतं, हे पेपरात दाखवावं लागतं. म्हणून मी तिची सुरुवात शून्यावर ठेवली आणि तिच्या औषधाची ओळही पुसली. सरळ गोष्ट. तिची रेघ तळाला मेल्यासारखी पडून राहायला हवी.

तशी ती राहिलीही, थोडा वेळ. मग उजवीकडे, अगदी कडेला, तिनं मान वर काढली.

मी पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. मी काही घाबरट नाही. माझ्या शिक्षणात भुताला जागा नाही आणि चुकीला भरपूर आहे. म्हणून चूक शोधली. कुठे अधिकचं चिन्ह राहिलं असेल, कुठे जुनी फाइल उघडली जात असेल. ओळ न् ओळ वाचली. खाणारी कुठेच नव्हती. नसलेली ती वर चढत होती आणि थोरलीला खात होती.

डेक्लनला बोलावलं. तो माझ्या खांद्यावरून वाकला. “दशांशाची गोळाबेरीज असणार.”

“शून्याची कसली गोळाबेरीज?”

“टॅम, तू दमलीयस.”

हे वाक्य नवऱ्यांना कुठेतरी शिकवत असावेत. मी तेच सगळं उचलून त्याच्या संगणकावर चालवलं. तिथे रेघ तळाला निपचित. माझ्या टेबलावर परत आणलं, तर वर.

“बघ,” तो म्हणाला, “तुझ्या मशीनचाच दोष आहे.” पण म्हणताना त्यानं माझ्या खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला, आणि तळवा पँटला पुसला. मी नंतर हात लावून पाहिला. खुर्चीची पाठ ओली होती.

४

वाढीच्या खोलीत फडताळावर गोल काचेच्या बाटल्या असतात. प्रत्येकीत समुद्राचं गाळलेलं पाणी, त्यात आमची शेवाळं, आणि तळाशी हवा सोडणारी नळी. खोलीभर सारखी बुडबुड चालू असते. रोज सकाळी मी बाटल्या उजेडाकडे धरते. थोरलीच्या बाटल्या चहासारख्या तपकिरी, धाकटीच्या फिकट हिरव्या. त्या दिवशी थोरलीची एक बाटली नितळ होती. पिण्याच्या पाण्यासारखी.

बाटली एका रात्रीत नितळ होते, ती आत खाणारं कोणी शिरलं तरच. मी थेंब घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला. थोरलीच्या साखळ्या होत्या, म्हणजे त्यांची काचेची कवचं होती. आतून स्वच्छ. कालव खाऊन शिंपला ठेवावा तशी. खाणारं कोणी नव्हतं. सगळी बाटली गाळली, तरी नाही.

“बेरिल, पंप बंद कर गं जरा,” मी ओरडले. नळीतून काही आलं असेल, असा माझा हिशेब.

पंप थांबला. बुडबुड एकेक करत थांबली. खोलीत आपला श्वास ऐकू येईल इतकी शांतता झाली. आणि त्या शांततेत एक बाटली बुडबुडत राहिली. सावकाश. पाण्याखाली कोणी बोलायचा प्रयत्न करावा, तसं.

“केला गं बंद,” बेरिल दारातून म्हणाली. मग तिनंही ऐकलं.  तिनं पंप लगेच चालू केला.

त्याच आठवड्यात मला जाणवलं की मॉरिसांचा स्वेटर त्यांना मोठा होतोय.

५

चहाच्या खोलीतला दिवा माणूस आत आला की आपोआप लागतो. मी आणि बेरिल कोपऱ्यात बसून खात होतो. शिंपल्यांचा गरम ‘पाय’ होता, म्हणजे करीचं सारण भरलेली भाजलेली पेस्ट्री, बेरिलच्या हातची. फार वेळ कोणी हललं नाही की तो दिवा विझतो, तसा तो विझला होता आणि आम्हाला उठायचा आळस होता. मॉरिस दारातून आत आले. दिवा लागला नाही.

त्यांनी हात वर केला. दोन्ही हात हलवले. ‘मी इथे आहे’ असं सगळ्या अंगानं सांगणारा केंद्राचा प्रमुख मी पहिल्यांदाच पाहत होते. मला हसू आलं. ते मी घासात लपवलं.

“बेरिल, माझा कप कुठाय?” ते म्हणाले. आवाज लांबून आल्यासारखा. 

बेरिल मला सांगत होती की शेजारच्या खाडीत यंदा काळे हंस फार आलेत. ती सांगतच राहिली.

“बेरिल!”

तिनं मान वर केली. सभ्यपणे, अनोळखी माणसाकडे बघतात तसं पाहिलं. “कोण हवंय आपल्याला?”

पुढच्याच क्षणी ती दचकली. “अय्या, मॉरिस! माझ्या डोळ्यांना झालंय काय?” ती उठली, कप काढला, चहा ओतला. पण मधला तो क्षण आम्ही तिघांनी पाहिला होता.

मी टेबलाशी परत आले. पडद्यावर थोरलीची रेघ कोसळत कोसळत अगदी तळाला पोचली होती. तिथे ती थांबली. औषधाच्या ओळीनं तिला धरलं होतं. मग हळूहळू, मोठ्या कष्टानं, ती थोडी वर आली.

योगायोग म्हणून एक वस्तू असते. मी ती बरेच दिवस जवळ बाळगली. त्यानंतर रेघ तळाला टेकली की मी उठून चहाच्या खोलीत डोकावू लागले, इतकंच. दर वेळी योगायोग तिथे उभा असायचा, हात हलवत. हल्ली त्याच्या सोबतीला डेक्लनही असायचा. साखळीतली एक कडी सुटली की दुसरी कुठे टिकते?

६

“शुक्रवारी पेपर जातोय,” डेक्लन न्याहारीला म्हणाला. त्याचा पट्टा आता शेवटच्या भोकावर होता आणि टोस्ट तसाच पडला होता. “तुझं समीकरण घेतलंय आम्ही. मुळाशीच घेतलंय. सगळं त्यावरच उभं आहे.”

“बरं.”

“नाव बाबांचं आणि माझं. म्हणजे, केंद्राच्या दृष्टीनं तेच बरं दिसतं. तू घरचीच आहेस. बाबा म्हणतात, आभारात तुझं नाव ठळक घालू.”

“औषधापुरतं?” मी विचारलं.

त्याच्या हातातली सुरी लोण्यातच राहिली. पायरी, गमबूट, पाऊस, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून एकापाठोपाठ एक गेलं.

“टॅम, तो मुद्दा वेगळा होता...”

“हेस्टरलाही हेच सुचलं होतं ना?”

“ती भांडखोर होती गं. तू तशी नाहीस.” त्यानं माझा हात धरला. त्याच्या बोटांना वजनच नव्हतं. “तू समजूतदार आहेस. म्हणून तर...”

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. म्हणून तर लग्न केलं, असं असावं. मी टोस्टवर व्हेजिमाइटचा तो काळा खारट लेप लावला, कडेपर्यंत नीट, आणि दोन्ही टोस्ट खाल्ले. अलीकडे मला भूक फार लागत होती. पडद्यावर धाकटीची रेघही अशातच चढायला लागली होती.

७

त्या सकाळी थोरलीची शेवटची बाटलीही नितळ झालेली होती.

गोल बाटलीत नितळ पाणी असलं की पलीकडचं जग तिच्यातून उलटं दिसतं. मला ते बघायला लहानपणापासून आवडतं. मी वाकून पाहिलं. समोरचं दार उलटं. त्याच्या पलीकडच्या खिडकीत आभाळ खाली, गवत वर, आमची गाडी चाकं वर करून पडलेली. तेवढ्यात डेक्लन दारात आला. डोकं खाली, पाय वर. नवीन लग्नात नवऱ्याकडे असंही बघून घ्यावं.

त्याच्या शेजारी कोणीतरी सुलटं उभं होतं.

राखाडी रेनकोट. केस गालांना चिकटलेले. इतकं दिसलं. तोंड सावकाश हलत होतं, घास घोळवल्यासारखं.

माझं डोकं अशा वेळी हिशेब करतं, त्याला मी काय करू? बाटलीतून सुलटं दिसायचं, तर वस्तू एकतर पलीकडे खरोखर उलटी टांगलेली हवी, पाण्यात बुडत जाणारं माणूस जातं तशी, डोकं खाली करून. नाहीतर ती पलीकडे नाहीच. बाटलीच्या आत आहे.

मी बाटलीच्या बाजूनं पाहिलं. दारात डेक्लन एकटा.

“काय बघतेस?” त्यानं विचारलं, आणि डावा खांदा चोळला. तिकडची बाही कोपरापर्यंत भिजलेली होती.

“काही नाही.”

पुन्हा बाटलीतून पाहायचं धाडस मी केलं नाही. पण पाहिलं तेवढ्यात एक गोष्ट मला कळली होती. मी तिच्या समोरच होते, काचेला नाक लावून. आणि तिची नजर माझ्यावर नव्हती. ज्याची चलती, त्याच्यावर तिची नजर. समीकरण बरोबर होतं. आम्हा दोघींचंही.

खोलीत बुडबुड चालली होती. मला तिचा ताल ओळखीचा वाटू लागला. मी तशीच उभी राहून, हलक्या आवाजात, तिचं पूर्ण नाव घेतलं. हेस्टर क्विल. त्या इमारतीत ते किती दिवसांत कोणी घेतलं नसेल. एक बाटली तेवढी क्षणभर थांबली.

८

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी दोघं माझ्या टेबलाशी आले. मॉरिसांनी डेक्लनचा दंड धरला होता, की डेक्लननं मॉरिसांचा, सांगता येत नव्हतं. दोघांमधून मागच्या भिंतीवरचं भरती-ओहोटीचं कॅलेंडर जवळजवळ वाचता येत होतं.

“खाणारी काढून टाक,” मॉरिस म्हणाले. ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. “पार शून्य. औषधही नको.”

“पण मग धाकटी मरेल.”

“मरू दे.”

“तुमच्या मशीनवर काढा ना.”

“काढून पाहिलं. तिथे ती आहेच कुठे? ती इथे आहे.” त्यांनी माझ्या खुर्चीकडे बोट केलं, आणि ते बोट खुर्चीपासून लांबच ठेवलं. “तुझं नाव घालतो, टॅम्सिन. दुसरं घालतो.”

“पहिलं घालू,” डेक्लन घाईनं म्हणाला. “बाबा, पहिलं घालूया ना.”

“हेस्टरचं?” मी विचारलं.

 मॉरिसांचा जबडा आवळला गेला. त्या अवस्थेतही, भिंत अंगातून दिसत असतानाही, त्यांना ते नाव जड जात होतं. “हेस्टर क्विल,” ते शेवटी म्हणाले, “या केंद्रात कधी नव्हती.”

“बरं,” मी म्हटलं. “तुम्ही चहाच्या खोलीत बसा. मी करते.”

सून कशी गुणी आहे, अशा नजरेनं त्यांनी डेक्लनकडे पाहिलं. दोघं हात धरून गेले. पावलं वाजली नाहीत.

मी फाइल उघडली. तीन ओळी एकाखाली एक होत्या. धाकटीचं औषध. खाणारीचं, जे मी त्या सकाळी पुन्हा लिहून ठेवलं होतं. आणि सगळ्यात वर थोरलीचं. एक ओळ पुसायला कितीसा वेळ लागतो? तेवढाच लागला. माझ्या मानेवर गार थेंब पडला. वर पाहिलं नाही. खुर्ची आपोआप, अगदी अलगद, माझ्या उंचीला सरकली.

चहाच्या खोलीत दिवा विझलेला होता. मी शिरले तसा लागला. बेरिल किटली घेऊन आली आणि टेबलावर दोन कप मांडले. एक तिचा, एक माझा.

“आणखी कोणी येणार आहे का गं?” तिनं विचारलं.

टेबलाच्या पलीकडे दोन खुर्च्यांवर दोन स्वेटर बसल्यासारखे दिसत होते. त्यातून श्वासासारखं काही आलं. “काढलीस?” असावं ते. मग दुसरं, त्याहून बारीक. “टॅम, बोल ना गं.”

मी माझ्या कपात दूध घातलं. ढवळलं. आणि मग त्या दोघांना, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, कोणी विचारलं त्याहून चार शब्द जास्त सांगितले:

“खाणारीला मी हातही लावलेला नाही, मॉरिस. फक्त थोरलीचं औषध काढलंय. आता तुम्ही दोघं औषधालासुद्धा उरणार नाही.”